सर्वणच्या फणसाची गिटार

१३ एप्रिल २०२५, रविवार

ही वही गोपाळ मेस्तांच्या सांगण्यावरून. ते म्हणाले, "मापां वहीत बरया, गुरुदासबाब. डोक्यांतली मापां रातीची बदलतात." आमच्या डिचोलीत सुताराला मेस्त म्हणतात, आणि मला तर त्यांचं ऐकावंच लागणार, कारण यंत्रं त्यांची, जागा त्यांची आणि चहाही त्यांचाच.

तर लिहितो. फेब्रुवारीत रिटायर झालो. चोवीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपमध्ये मोटारी रिवाइंड केल्या, खाण बंद पडल्यावर बारा वर्षं एका कारखान्यात. वायर माझं ऐकते. लाकडाशी माझा संबंध वर्षातून एकदाच, चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, मखरापुरता, आणि तोही प्लायवूडशी. आणि आता मी इलेक्ट्रिक गिटार बनवणार आहे, लाकूड कापण्यापासून. बायकोला, कमलाक्षीला, सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "पयलीं त्या कपाटाचां दार बसयात." ते दार गेल्या दिवाळीपासून लोंबतंय.

कारणही लिहायला हवं. माझी मुलगी सिद्धी दहावीला होती तेव्हा मी तिला म्हटलं होतं, फर्स्ट क्लास आण, गिटार देतो. तिने डिस्टिंक्शन आणलं. पण मधल्या काळात खाण बंद पडली होती आणि मी घरी बसलो होतो. निकालाच्या दिवशी पोरीने गिटारचं नावसुद्धा काढलं नाही. मागितली असती तर "पुढच्या वर्षी" तरी म्हटलं असतं. बारा वर्षं हा विषय आमच्या घरात कुणी काढलेला नाही, आणि मी तो विसरलेलोही नाही.

आता ती नोकरीसाठी पुण्याहून आयर्लंडला चाललीय, सहा सप्टेंबरला. त्याआधी चवथीला घरी येईल. चवथ २७ ऑगस्टची. तोपर्यंत गिटार तिच्या हातात पडली पाहिजे. विकत का घेत नाही, असं मेस्तांनी विचारलं. विकतची आता तिची तिला घेता येते. बापाने दिलेला शब्द दुकानात मिळत नाही, तो घरीच करावा लागणार.

१७ एप्रिल

लाकूड मिळालं! कमलाक्षीच्या माहेरी, सर्वणला, अंगणातला फणस तौक्ते वादळात आडवा झाला होता. तिचा भाऊ सगुण याने त्याच्या फळ्या काढून माळ्यावर टाकल्या होत्या. चार वर्षं सुकल्या. बाकीच्या दारं-खिडक्यांत गेल्या, एकच उरली होती, ती आज स्कूटरवर आडवी बांधून आणली. दोन इंच जाड, पिवळीधम्मक. मेस्तांनी तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "पणस बरो. हाका कीड लागना." मग दुःखी चेहऱ्याने माझ्याकडे बघून म्हणाले, "एकूच फळी आसा मां? सांबाळून."

फळी घरी मेजावर ठेवली तेव्हा कमलाक्षीने डाव्या हाताच्या बोटाने तिच्यावर टकटक केलं आणि कान लावला. "हिका आवाज आसा," म्हणाली. मग ती बोलायलाच लागली. या फणसाखाली सगुण मॅन्डोलिन वाजवायचा, जत्रेच्या नाटकासाठी. बारा वर्षांची असताना हिनेही ते एकदा मांडीवर घेतलं. ही डावखुरी, त्यामुळे धरलं उलटं. वडिलांनी हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, "पयलीं सुलटां धरूंक शिक." त्यानंतर तिने त्याला हात लावला नाही.

मी म्हटलं, जरा बाजूला हो, माप घ्यायचंय. लांबी एकवीस इंच, रुंदी साडेचौदा.

२० एप्रिल

रंधा मारायला शिकलो. म्हणजे, रंधा मला मारायला शिकला. डाव्या अंगठ्याचं साल गेलं. मेस्त म्हणतात, "वायर वाकता, गुरुदासबाब. लाकूड वाकना. तां आमकां वाकयता." त्यांनी दोन हात मारले तर फळीवरून लांबच लांब सुरळ्या निघाल्या. माझा भुसा पडतो. कमलाक्षीने तो भुसा पिशवीत भरून ठेवलाय. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, वास येतो, माहेरचा.

४ मे

गिटारच्या अंगाचा आराखडा इंटरनेटवर मिळाला. झेरॉक्सवाल्याकडून आठ कागदांवर काढून घेतला, चिकटवला, पुठ्ठ्यावर कापला. आज तो फळीवर उतरवला. इथे माझी मखराची तीस वर्षं कामाला आली. मखर कापताना नक्षी नेहमी पाठीमागून काढायची, म्हणजे पेन्सिलीच्या रेघा दर्शनी बाजूला दिसत नाहीत. हे मला माझ्या बाबांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या बाबांनी. नवशिक्याने पुढच्या बाजूवर रेघा मारल्या असत्या आणि मग खोडत बसला असता. फळीची चांगली बाजू, जिच्यावर सुंदर रेषा आहेत, ती मी खाली ठेवली आणि पाठीवर आराखडा काढला. मेस्तांनाही पटलं.

११ मे

कापली. मेस्तांच्या यंत्रावर, मेस्तांनी माझे दोन्ही कोपर धरले होते. दोन शिंगं, मधे कंबर. उलटून चांगली बाजू वर केली आणि दोघं बघत बसलो. "माका दार कळता, गिटार कळना," मेस्त म्हणाले, "पण बरी दिसता." घरी येताना रस्त्यात तीनदा स्कूटर थांबवून पिशवीत डोकावलो.

२५ मे

दोन आठवडे नुसतं कोरणं. गिटारची मान, म्हणजे तारा ताणायचा लांब दांडा, ती तयार मागवणार आहे. तेवढी अक्कल आहे मला. पण ती बसायचा खड्डा, आवाज पकडणाऱ्या पिकअपचे दोन खड्डे आणि वायरिंगची खोबण पटाशीने कोरायची होती. खड्ड्यांच्या खुणा करायला पुठ्ठा चांगल्या बाजूवर ठेवला तर बसेना. शिंग इकडे तर पुठ्ठ्याचं शिंग तिकडे. थोडा वेळ घाम फुटला. मग पुठ्ठा उलटा केला आणि चपखल बसला. लाकडाने माझं ऐकल्याचा हा पहिला दिवस.

मानेच्या खड्ड्याची खोली सोळा मिलिमीटर. मी साडेसोळा केली. मेस्त म्हणाले, अर्धा मिलिमीटर देवाक.

१५ जून

आज माझं राज्य. पिकअप घरी गुंडाळला. तारांची थरथर पकडून आवाज करतो तो पिकअप म्हणजे शेवटी लोहचुंबकाभोवती वायरचे वेढे, आणि वेढे घालण्यात माझा जन्म गेलाय. फक्त वायर केसाहून बारीक. सात हजार वेढे. ड्रिलला जोडलेलं यंत्र मी फिरवत होतो, मोजायचं काम कमलाक्षीने घेतलं. दर शंभराला एक चिंचोका परातीत टाकायचा. ती एकदाही चुकली नाही, मी मात्र दोनदा वायर तोडली. मोजताना मधेच विचारायची, कुठली तार खालचा सूर देते, जाड की बारीक? बोट पुढे सरकवलं की सूर चढतो का? मी म्हटलं चढतो. ती म्हणाली, मॅन्डोलिनसारखंच म्हणजे. तिला एवढी चौकशी कशाला असेल, पण वेळ बरा गेला. संध्याकाळी दुसराही पिकअप करून टाकला.

सिद्धीचा फोन आला होता. घाईत होती. मागून ड्रिलचा आवाज कसला म्हणून विचारलं. मी म्हटलं, कपाटाचं दार बसवतोय. कमलाक्षी तोंडाला पदर लावून आत गेली.

२९ जून

गेले दोन आठवडे पॉलिशचे. लाखेचं पॉलिश पांढरं पडलं. तीनदा घासलं, तीनदा लावलं, तीनदा पांढरं. या दमट हवेत ते सुकतच नाही. मेस्त म्हणाले, ऑक्टोबरापर्यंत थांबा. माझ्याकडे ऑक्टोबर कुठे आहे? मी जनेलातून बाहेरचा पाऊस बघत बसून राहिलो. कमलाक्षीने गिटार उचलली आणि स्वयंपाकघरात चुलीवरच्या दांडीला टांगली, जिथे ती आमसुलं सुकवते. पाच दिवसांनी मिसळीच्या वाटपाचा वास असलेली, पण कोरडी ठणठणीत गिटार परत मिळाली. चौथ्यांदा लावलेलं पॉलिश आरशासारखं बसलं. बायकोचे आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही, नाही तर मानले असते.

२० जुलै, रविवार

मान गेल्या आठवड्यात आली, बसवली. आज तारा घ्यायला गिटार घेऊन म्हापशाला वाद्यांच्या दुकानात गेलो. दाखवायची हौसही होतीच. दुकानातल्या मुलीने हातात घेतली, म्हणाली, "सुंदर! तुम्ही केली? घरी?" माझी छाती फुगली. मग तिने विचारलं, "कोण वाजवतं? डावखुरं आहे का कोणी?"

मी म्हटलं नाही, माझी मुलगी वाजवणार, उजव्या हाताची आहे.

भिंतीवरची एक गिटार काढून तिने माझ्या गिटारच्या शेजारी ठेवली. माझी गिटार तिचं आरशातलं प्रतिबिंब होती. लांब शिंग खाली, बटणं वर, सगळं उलट. ही फक्त डाव्या हाताने वाजणार.

मखर! मखराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असते, पाठीमागून काढली काय आणि पुढून काढली काय. म्हणून आमच्या तीन पिढ्यांत ही चूक कधी कळलीच नाही. आणि तो पुठ्ठा उलटा केल्यावर चपखल बसला तेव्हा मी खुश होऊन वहीत लिहिलं, लाकडाने माझं ऐकलं. वाचवत नाही आता ते पान.

२१ जुलै

आज काही लिहायचं नाही.

२४ जुलै

मेस्तांकडे गेलो. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. "माझ्या फुडांत केलां तुमी हां, आनी माका दिसलां ना." खड्डे मागच्या बाजूने परत कोरले तर मधे मान धरण्याइतकं लाकूड उरणार नाही. दुसरी फळी नाही. दुसऱ्या लाकडातून परत सुरू केलं तर चवथीआधी पॉलिश सुकणार नाही. म्हणजे संपलं. बारा वर्षांपूर्वी हातात काही नव्हतं म्हणून शब्द मोडला. या वेळी सगळं हातात होतं आणि हातानेच मोडला. सिद्धी जाईल आणि मी तिला विमानतळावर लाडू देईन, बाकीच्या बापांसारखे.

घरी येऊन गिटार कपाटात टाकत होतो. दार लोंबतंच होतं, त्यात अडकली. कमलाक्षीने माझ्या हातातून घेतली. पुसायला म्हणून मांडीवर घेतली आणि बराच वेळ तशीच बसली. तिच्या मांडीवर मात्र बरी दिसत होती, कारण ती सगळंच उलटं धरते. नारळ खवते डाव्याने, केर काढते डाव्याने. आमच्या आईने लग्नानंतरच्या पहिल्याच चवथीला तिचा हात देवाच्या कामापुरता सुधारला. नैवेद्य वाढताना डावा हात पुढे आला की आई हळूच चापट मारायची. तेव्हापासून देवाचं सगळं उजव्याने, जेवण तर लहानपणापासूनच उजव्याने, बाकीचं डाव्याने.

म्हणाली, "उडोवं नाकात ही. पुरी करा."

मी म्हटलं, करून काय उपयोग? सिद्धीला वाजवता येणार नाही.

"येतला-जातला तां मागीर. एदे वेढे मी मोजले ते कपाटांत दवरूंक मोजले?" आवाज चढला होता. ती माझ्यावर इतकी कधी चिडत नाही. मग हळूच म्हणाली, "जशी जाल्या तशी पुरी करा. आनी तारो तिच्या हाताच्यो लायात." तिच्या हाताच्या म्हणजे गिटारच्या, असं मी समजलो.

ठीक आहे. निदान भिंतीवर टांगायला तरी होईल.

३ ऑगस्ट

तारा लावल्या, उलट्या क्रमाने. मानेच्या टोकाची खाचांची पट्टी काढून उलटी बसवली. जुन्या रेडिओच्या खोक्यात छोटा अँप्लिफायर जोडला. सकाळी अकरा वाजता पहिली तार छेडली.

आवाज आला. दुसरं काय लिहू? सर्वणच्या अंगणातला फणस बोलला. तीन मिनिटं मी आणि कमलाक्षी एकमेकांकडे न बघता उभे होतो. पोदेर पाव घेऊन आला होता, तोही सायकल धरून दारात उभा राहिला. मग कमलाक्षी म्हणाली, डाळ करपतेय. डाळ करपत नव्हती, मी नंतर बघितली.

८ ऑगस्ट

एक अडचण. रोज सकाळी फोनवर बघून तारा सुरात लावतो आणि संध्याकाळी उतरलेल्या असतात. खुंट्या ढिल्या असाव्यात. शिवाय मानेच्या कडेला कमलाक्षीच्या कपाळावरच्या टिकल्या चिकटलेल्या मिळाल्या. पुसताना वाकते तेव्हा पडत असणार. मानेवर धातूचे आडवे पडदे असतात, त्यांतल्या तिसऱ्यापाशी एक, पाचव्यापाशी एक, सातव्यापाशी एक. काढून टाकल्या.

१० ऑगस्ट

परत टिकल्या. त्याच तीन ठिकाणी. त्याही काढल्या. हल्लीच्या टिकल्यांना गोंद बरा नसतो.

१२ ऑगस्ट

कमलाक्षीच्या उजव्या हाताची चार बोटं भाजलीत. जेवताना कुलेर, म्हणजे चमचा, घेऊन बसली तेव्हा लक्षात आलं. म्हणाली, तव्याला लागली. मी हात ओढून घेतला आणि खोबरेल लावलं. चारही बोटांची फक्त टोकं, आणि प्रत्येकावर एक सरळ रेघ. तवा असा कसा लागला कोण जाणे. पस्तीस वर्षांत तिचा हात इतका वेळ हातात घेऊन बसलो नव्हतो. "पुरे आता," म्हणाली, पण काढून घेतला नाही. मला तिची काळजी वाटते. चवथ पंधरा दिवसांवर, सगळं रांधणं हिच्यावर, आणि सिद्धी गेल्यावर या घरात आम्ही दोघंच. मला मेस्त आहेत. हिला दुपारी कोण आहे?

१७ ऑगस्ट

दुपारी झोपेत फुगडीची चाल ऐकू आली. चवथीला आमच्या अंगणात बायका घालतात तीच. लहान झालो होतो आणि आई गात होती. जाग आली तर सगळं शांत, कमलाक्षी पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या करत होती. तिला सांगितलं तर दचकली. म्हणाली, "जेवण मातशें कमी करा."

२२ ऑगस्ट

मखर उभं केलं. रेघा या वर्षी पुढच्या बाजूने मारल्या. राग म्हणून. खोडायला दोन तास गेले.

२६ ऑगस्ट

सिद्धी आली. बारीक झालीय. आल्या आल्या आईच्या बोटांकडे बघून "काय झालं?" म्हणाली. "तवो," कमलाक्षी म्हणाली. गिटार चादरीत गुंडाळून माझ्या खाटेखाली आहे. धीर होत नाही.

२७ ऑगस्ट, चवथ

गणपती बसला. दुपारी नैवेद्य वाढताना कमलाक्षीच्या उजव्या हातातून पायसाची पळी सुटली. बोटं दुखत होती. मी म्हटलं, "डाव्यान वाड. देव कांय चापट मारपाचो ना." तिने माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने वाढलं. किती सरळ आणि भरभर वाढते ती त्या हाताने.

२८ ऑगस्ट

सगळं लिहून ठेवतो, क्रमाने.

दुपारची जेवणं झाल्यावर मी चादर उचलून आणली आणि सिद्धीपुढे ठेवली. म्हटलं, दहावीची. उशीर झाला आणि वर चूकही झाली. तिने चादर उघडली. बराच वेळ नुसता हात फिरवत होती. मग गळ्यात घातली आणि थांबली.

"बाबा, ही लेफ्टी आसा."

मी मखराची गोष्ट सांगितली. पुठ्ठा उलटा केल्यावर चपखल बसला, हेही सांगितलं. ती हसायला लागली ती थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. "तुमी बारा वर्सां हां मनांत धरून बसल्यात?"

मी म्हटलं, तू मागितलीच नाहीस.

"निकालाच्या दिसा तुमी काम सोदूंक गेल्लात. तुमचो डबो उगडनासतना परत आयिल्लो. मी पळयलो तो. तुमी जेवूंक नाशिल्लात, बाबा. मी गिटार खंय मागूं?"

मला वाटायचं, तो डबा मी कुणाला दिसू न देता ओतला होता.

थोड्या वेळाने ती म्हणाली की तिला वाजवताही येत नाही. पुण्यात तीन महिने क्लास केला, हात बसेना म्हणून सोडला. मला कळवलं नाही, कारण मला वाईट वाटेल. म्हणजे दोघंही एकमेकांपासून तीच एक गिटार लपवत होतो. मग तिने मान उजेडात धरली. "ह्यो टिकल्यो कोणे लायल्यो?"

"आईच्या कपाळावरच्या पडतात," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच दहावीत नापास झाल्यासारखं वाटलं. तिने समजावलं. कुठल्या पडद्यावर बोट ठेवायचं ते दिसावं म्हणून मानेच्या वरच्या कडेला ठिपके असतात. तिसरा, पाचवा, सातवा. ही मान उलटी बसली, त्यामुळे कंपनीचे ठिपके खाली गेले, वाजवणाऱ्याला दिसत नाहीत. म्हणून कुणीतरी वरच्या कडेला टिकल्या लावल्यात. मी दोनदा काढल्या आणि कुणीतरी तिसऱ्यांदा लावल्यात.

"आई, हात दाखय."

कमलाक्षीने उजवा हात पदराखाली घेतला.

तवा नव्हता. तारा होत्या. डावखुरा माणूस डाव्याने छेडतो आणि उजव्याने तारा दाबतो. चार बोटांवर चार रेघा. खुंट्या ढिल्या नव्हत्या. फुगडी माझ्या आईने गायली नव्हती. हे सगळं मी माझ्याच अक्षरात तारीखवार लिहून ठेवलंय आणि मला एक अक्षर कळलं नाही.

"तुमी निजल्यार मातशी वाजयतां," ती म्हणाली, जमिनीकडे बघत. "सांगपाक धीर जालो ना. पोरीक म्हूण केल्ली वस्तू ती. माझी न्हय."

मला तिच्यावर राग आला नाही, माझ्यावर आला. ते लाकूड तिच्या अंगणातलं. वेढे तिने मोजले. पॉलिश तिच्या चुलीवर सुकलं. कपाटात पडायची होती ती तिने वाचवली. आणि ज्या दिवशी तिने मला त्या मॅन्डोलिनची गोष्ट सांगितली, त्या दिवशी मी म्हटलं, बाजूला हो, माप घ्यायचंय.

सिद्धीने गिटार काढून आईच्या गळ्यात घातली. पट्टा ओढून सारखा केला. "बाबांनी माका दिली, मी आईक दिली. तुमचो शब्द पुरो जालो, बाबा. आता चिंता नाका."

कमलाक्षी उभी होती, नऊवारीवर इलेक्ट्रिक गिटार घालून, आणि काहीही उलटं दिसत नव्हतं. तिने फुगडीची चाल धरली. पहिली ओळ नीट आली, दुसरीत ती अडखळली, परत मागे गेली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि हात थांबला. "तुमी अशे पळयत रावूं नाकात. माका लज दिसता."

मला रडू आलं. लिहून टाकतो, वही माझीच आहे.

३१ ऑगस्ट

गणपती पोचवले. मेस्त आले होते. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे चूक जावंक ना. फकत गिरायक चुकिल्लें."

७ सप्टेंबर, रविवार

सिद्धी काल गेली. विमानतळावर लाडू दिले. आत जाताना वळून मला म्हणाली, "आई वाजयता तेन्ना मदीं उलोव नाकात, माप घेवं नाकात." म्हटलं, बरं.

घर फार मोठं झालंय. सकाळी करायला काही नव्हतं म्हणून कपाटाचं दार बसवलं. टिकल्या काढून तिथे शिंपल्याचे तीन ठिपके बसवून देऊ का म्हणून तिला विचारलं. नको म्हणाली, टिकल्याच बऱ्या, सवय झालीय.

जेवून आडवा झालो. ती थोडा वेळ दारात उभी राहून माझा अंदाज घेत होती. मग खाटेखालून गिटार काढल्याचा आवाज आला, खुंट्या कुरकुरल्या, आणि फुगडी सुरू झाली. दुसरी ओळ आता येते. तिसरीत पाचव्या पडद्यावर अडखळते.

मी झोपलो नाही. डोळे मिटून पडलो आणि मधूनमधून घोरलो, कारण माझं घोरणं थांबलं की ती थांबते.